उलट्या पायांची सखू

समुद्रपुरात सखू सुईणीइतकी संशयी बाई दुसरी नसेल. दूध ती बोटावर घेऊन बघायची, अन् बाळंतपणाचं मानाचं लुगडं मिळालं तर तेही उजेडात धरायची, कुठं विरलेलं तर नाही ना. पण तिच्या हाताला यश होतं. दोनशेच्या वर लेकरं तिच्या ओंजळीत आली अन् एकही आई गेली नाही. म्हणून तिचं फटकळ बोलणं लोक पोटात घालायचे.

अशी बाई प्रेमदासच्या नादी लागली कशी, हेच नवल. फोटो काढणाऱ्या या प्रेमदासनं नागपूरहून जुना क्यामेरा आणला अन् हडळीचा सिनेमा काढायला घेतला. हडळ व्हायला एकही बाई तयार होईना. तो सखूकडं आला.

"मावशी, तुहं तोंड दिसत नाई. लुगडं मागचं पुढं करून नेस, केस मोकळे सोड, अन् पाठमोरी माह्याकडं चालत ये."

"काऊन? मले येडी समजून राह्यला का तू?"

"मागून पाह्यलं तं केसांनी तोंड झाकल्यावाणी दिसते. अन् टाचा पुढं. झाली हडळ."

सखूनं त्याला तेच तीनदा सांगायला लावलं, क्यामेऱ्यात डोकावून पाहिलं, मग कबूल झाली. तोंडच दिसणार नाही, तर आपलं जातं काय?

सन सत्तावन्नच्या हिवाळ्यात गावच्या तरुण मंडळानं कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात तीन दिवसांचा सिनेमा-मेळा भरवला. खताचे, लस टोचण्याचे सरकारी सिनेमे झाले. शेवटच्या दुपारी झरोक्यांना पोती लावून प्रेमदासचा सिनेमा लागला. विहिरीआडून हडळ निघाली अन् टाचा पुढं टाकत पडद्यावर मोठी मोठी होत गेली. बायांनी लेकरं छातीशी धरली. खुद्द सखूच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "हे तं आपली सखू होय. डाव्या टाचेवरचा चट्टा पाहा."

घ्या! तोंड झाकलं अन् टाच उघडी राहिली.

सखूनं हसत हसत साऱ्यांना युक्ती सांगितली. चौकात पाठमोरी चालूनही दाखवलं, अन् तिथंच फसली. ज्यांना नुसती शंका होती त्यांची खात्री पटली. बाईले उलटं चालता येते, तेही न अडखळता.

पुढच्या महिन्यात गावात तीन बाळंतपणं झाली. सखूला एकाही घरचं बोलावणं नाही. एका घरानं तर हिंगणघाटची सुईण आणली. आता सखू दारावरून जाणारीकडं डोळे बारीक करून बघायची. ही पदर काऊन सावरते? ही लेकराले काऊन कडेवर घेते? जन्मभराचं यश हे लोक मातीत घालून राह्यले, या विचारानं तिला रडू यायचं. पण रडायची ती घरात, दार लावून.

मग एका सकाळी शोभाबाईची सून कांता अडली. शोभाबाईनं दुपारपर्यंत वाट पाहिली, देवाला नारळ कबूल केला, अन् शेवटी सखूकडं माणूस धाडला.

सखू पळतच गेली. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात शोभाबाई उभी होती. उंबऱ्यापुढं तिनं चुलीतली राख चाळून पातळ पसरली होती. आत कांता कण्हत होती.

"राग मानू नको, सखू. याच्यावरून चालत ये."

"शोभा, तुह्ये तिनई लेकरं म्याच काढले."

"ठाऊक हाय मले. तरी चाल."

सखूच्या जिभेवर शिव्या आल्या. कांता पुन्हा कण्हली. सखूनं शिव्या गिळल्या, लुगडं घोट्यापर्यंत उचललं अन् राखेतून चार पावलं चालली. घरातल्या साऱ्या बाया खाली वाकल्या. पण त्यांच्याही आधी मान वळवून राखेकडं पाहिलं ते सखूनं.

बोटं खोलीकडंच होती. तिनं हात धुतले, आत गेली, अन् तासाभरात कांताला सुखरूप मोकळी केली.

राखेबद्दल शोभाबाईला तिनं पुढं कधी बोल लावला नाही. लावणार तरी कोणत्या तोंडानं?