हिरव्या अंकातला कॅप्टन

केझाया बर्टला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, आणि लंडनच्या लॅम्बेथमधली तिची अख्खी गल्ली त्याचं खापर एडविन हॅलस्टोन या कादंबरीकारावर फोडायची. हॅलस्टोन म्हणजे बडं प्रस्थ. ऐन विशीत गोदीत कारकुनी करायचा म्हणे. आता कागद-पुस्तकं विकणाऱ्या दुकानांच्या खिडक्यांत त्याची तसबीर लागायची आणि त्याची कादंबरी दर महिन्याला एका हिरव्या अंकात निघायची. गल्लीत वाचता येणारा एकच माणूस, केझायाचा नवरा जेबेझ, खाटीकखान्यातला कामगार. सगळ्यांनी मिळून घेतलेला अंक तो महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सामायिक धुणीघरात, भट्टीच्या उबेला बसून मोठ्यानं वाचायचा.

वाचायचा कसला, करूनच दाखवायचा. गोष्टीत कॅप्टन ड्रू होता आणि त्याची बायको मिलिसेंट. कॅप्टननं मिलिसेंटला थोबाडलं की जेबेझ अंक डाव्या हातात धरून उजव्यानं केझायाला थोबाडायचा. मार्चमध्ये तिचा कान गेला. मेमध्ये दोन बोटं मोडली. सप्टेंबरमध्ये त्यानं तिला केसांना धरून भट्टीच्या विटांवर आपटलं.

"पुस्तकातच तसं आहे, मी काय करू?" तो म्हणायचा.

शेजारची मिसेस फॉग डोळे पुसायची, तेही मिलिसेंटसाठी. फरशीवरचं रक्त केझायालाच पुसावं लागायचं. त्या गल्लीतल्या एकेकाला चाबकानं फोडून काढायला हवं होतं, दुसरं काय.

नोव्हेंबरच्या अंकात कॅप्टननं शेगडीतली लोखंडी सळई उचलली. तिथेच जेबेझनं अंक मिटला. "पुढचं पुढच्या महिन्यात," तो केझायाकडे बघत म्हणाला. डिसेंबरात कॅप्टन बायकोचा जीवच घेणार, यावर गल्लीत पैजा लागल्या.

ती ज्या घरांचे कपडे धुवायची त्यांत हॅलस्टोनचं घरही होतं. त्याच्या बाह्यांवरचे शाईचे डाग काढता काढता तिच्या हातांची सालं निघायची. आवडत्या पात्राला मारू नका म्हणून लोक त्याला पत्रं पाठवायचे. केझायाला लिहिता येत नव्हतं, आणि जेबेझकडून लिहून घ्यायची सोय नव्हती. शनिवारी ती टोपली घेऊन गेली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठाण मांडून बसली. शेवटी हॅलस्टोन कपड्यांना खळ जास्त झाल्याची तक्रार करायला स्वतःच खाली आला.

"साहेब, मिलिसेंटला मारू नका," ती म्हणाली.

"तिला काय धाड भरलीय?"

"कॅप्टननं सळई उचललीय ना."

"कसली सळई? बाई, माझा कॅप्टन भित्रा आहे. बायको खोकली तरी त्याच्या हातातला चहा सांडतो. सगळं लंडन हसतंय त्याला."

"त्यानं कान फोडला तिचा. मार्चमध्ये."

हॅलस्टोननं तिच्या कानाकडे पाहिलं, मग वाकड्या बोटांकडे. "तुमच्याकडे वाचतं कोण?" त्यानं हळूच विचारलं.

केझाया टोपली उचलून निघाली. वर्षभर ती मिलिसेंटसाठी रडली होती, स्वतःसाठी एकदाही नाही. याचाच तिला एवढा संताप आला की नदीवरचा पूल कधी ओलांडला हेही तिला कळलं नाही.

रविवारी जेबेझनं नवा अंक उघडला आणि भट्टीची सळई हातात घेतली. केझाया उकळत्या चादरी जाड दांड्यानं ढवळत होती.

"कॅप्टननं सळई उगारली," तो वाचू लागला.

"जेबेझ, बोट ठेवून दाखव. कुठे लिहिलंय?"

"तुला वाचता यायला लागलं काय गं, धोबिणी?"

"मला नाही येत. ज्यानं लिहिलंय त्याला मी काल विचारून आले."

त्यानं सळई घातली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. केझायानं दुसऱ्या हातानं दांडा फिरवला तो थेट त्याच्या तोंडावर. दात उडाले. दुसरा तडाखा जबड्यावर बसला. तो भेलकांडला आणि त्याचा हात कोपरापर्यंत उकळत्या पाण्यात गेला. तो गुरासारखा ओरडत होता आणि बाकांवरचं कुणीही जागचं हललं नाही. हेही अंकातलंच असणार, असं त्यांना वाटलं.

पोलिसाला गल्लीनं सांगितलं, पाय घसरला. जेबेझचा जबडा पुन्हा नीट बसला नाही. इस्पितळातून तो परस्पर केंटला बहिणीकडे गेला. केझायाचा खांदा कायमचा वाकडा राहिला. पुढं ती एका हातानंच कपडे धुवायची.

जानेवारीत गल्लीनं वाचायला पलीकडच्या गल्लीतल्या टिप नावाच्या म्हाताऱ्या चांभाराला बोलावलं. त्यानं पहिल्या अंकापासून, अडखळत अडखळत, लिहिलं होतं तेवढंच वाचलं. कॅप्टनचा चहा सांडला. केझाया चांगला कान त्याच्याकडे करून बसली होती, ती एवढी हसली की मोडका खांदा ठणकायला लागला. बाकीचे जांभया देत होते.

"काही म्हण केझ," मिसेस फॉग उठता उठता शाल सावरत म्हणाली, "जेबेझ वाचायचा तेव्हा गोष्ट जास्त रंगायची."

केझायानं तिच्याकडे डावा कान केला.