यात आवाज येत नाही

कमलबाईच्या पोटात गेलेली गोष्ट कधी बाहेर आली नाही. आमच्या तापीकाठच्या गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. दुसऱ्या कुणाला कशाला, तिच्या नवऱ्यालाच विचारा. उखर्डू आबांना सख्ख्या भावाच्या पोरीचं लग्न जमल्याची बातमी न्हाव्याकडे कळली. अर्धा गाल साबणात, अर्धा कोरडा, तसेच ते तडक घरी आले.

"तुले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मग सांगं काबर नही?"

"जाऊबाईनी सांगं व्हतं, सुपारी फुटस तोपर्यंत कोनले सांगू नको."

"अवं, पन मी का कोन शे? मी तुना नवरा शे!"

"कोनले नही म्हनजे कोनलेच नही," कमलबाई म्हणाली आणि भाकरी उलटवली. आबा उरलेली दाढी करायला परत गेले. वाटेत भेटला तो प्रत्येक माणूस त्यांच्या गालाकडे पाहून हसत होता, पण त्यातही त्यांना बायकोचा अभिमानच वाटला, ही गंमत.

गल्लीतल्या बायांचं मन मोकळं करायचं ठिकाण म्हणजे कमलबाई. आणि त्याचा हंगाम म्हणजे बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा. ज्वारी भिजवून, आंबवून, कांडून भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात घाट शिजवायचा, आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापून खाटेवर उन्हात घालायचा. एकटीदुकटीचं काम नाही ते. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशी पाळी लागते. हात घाटात असले की तोंड रिकामं, आणि तोंड रिकामं असलं की बाईच्या पोटात साचलेलं बाहेर येतं. सासूचं, जावेचं, नवऱ्याचं. पण बिबड्यांवर बोललेलं तिथंच वाळायचं. घरी नेऊन कुणी त्याला फोडणी द्यायची नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. आणि त्या कायद्याची हवालदार कमलबाई.

तिचा मुलगा भूषण. नाशिकला कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर बायकोपोरीला घेऊन गावी आला. वर्षभर उदास बसला. मग सून दिपमालाने सासूचा शेवभाजी करतानाचा व्हिडिओ सहज टाकला आणि तो असा काही चालला, की भूषणच्या चेहऱ्यावर रक्त आलं. 'खान्देशनी कमलआई' असं चॅनलचं नाव ठेवलं. कमलबाईला काय, पोरगं हसायला लागलं यातच आनंद. तिखट टाकायला सांगितलं, टाकलं. "आई, परत टाक, सावली आली," म्हटलं, परत टाकलं. त्या दिवशी आबांनी भाजीचा एक घास घेतला आणि मुकाट्याने तांब्याभर पाणी प्यायले.

मौज होती, पण काही गोष्टी कमलबाईच्या नजरेला खुपायच्या. नात डिंपल झोक्यावरून पडली, गुडघा फुटला. दिपमाला धावली खरी, पण आधी फोनकडे, पडणं आलं का त्यात म्हणून बघायला. पोरगीही तसलीच हुशार झाली. घास तोंडात घेऊन मान तिरकी करून हसायची, आणि फोन खाली गेला की घास ताटात काढून ठेवायची. एकदा कमलबाईने हाक मारली, "डिंपल, जेवाले ये." तर तिथूनच विचारते, "आजी, खरं जेवाले का व्हिडिओनं जेवाले?"

  पोराचं बरं चाललंय तर आपण कशाला मध्ये, असं म्हणून कमलबाईने तेही पोटात घातलं.

आपले व्हिडिओ मात्र ती बघायची. चष्मा पुसून, फोन लांब धरून. त्यात तिचं तोंड हलायचं, हात हलायचे, आणि वरून कसलंतरी ढोलकीचं गाणं. तिचा एक शब्द ऐकू यायचा नाही. पहिल्यांदा तिने भूषणला विचारलंही, "मी जे बोलनू ते कथा गयं?" तो म्हणाला, "आई, आवाज काढून टाकतो आम्ही. वर गाणं लावतो." बरंच झालं म्हणाली. मग बिनधास्त झाली. फोन समोर असला तरी आबांवर ओरडायची, मांजरीला शिव्या द्यायची. गाणं लागतं ना वरून!

आता ज्या दिवसाची ही गोष्ट, तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार-सहा दिवस आधीचा. कमलबाईच्या अंगणात बिबडे होते. गल्लीतल्या चारचौघी आल्या होत्या, शेवंताबाईही आली होती. शेवंताबाई म्हणजे शेजारीण, पण नुसती शेजारीण नव्हे. दोघी एकाच लग्नसराईत या गल्लीत सुना होऊन आल्या, एकाच विहिरीवर रडल्या, एकमेकींच्या पोरांना अंगावर पाजलं. शेवंताबाईची लेक नूतन पिंपळनेरला दिलेली. ती आखाजीला माहेरी आली होती, पण जरा लवकरच आली होती, आणि गल्लीत त्याची कुजबुज होती.

भूषणने घमेलं पालथं घालून त्यावर फोन टेकवून ठेवला, चालू केला आणि आत गेला. शेवंताबाई घाट थापता थापता एकदम थांबली.

"कमल, तो फोनना डोया आपलाकडे शे ना?"

"ऱ्हाऊ दे. बोल तू."

"नही वं. सांगानं शे, पन…"

"अवं बोल! त्यामा आवाज येत नही. वरतून गानं लागस. मी रोज देखस ना मनं तोंड!"

कमलबाईनेच सांगितलं हे. तिच्या शब्दावर शेवंताबाईने सगळं ओतलं. जावई योगेंद्र सुरतला कापडाच्या मिलमध्ये, मित्रांबरोबर खोलीत राहतो. नूतन पिंपळनेरला सासूच्या हाताखाली. आता नवराबायकोने गुपचूप ठरवलं होतं. योगेंद्रने सुरतला वेगळी खोली बघितली होती. आखाजीला तो इथे येईल, आमरस-पुरणपोळी जेवेल आणि नूतनला घेऊन दोंडाईच्याहून परस्पर सुरतची गाडी धरेल. त्याने आपल्या आईला फोन करायचा तो सुरतहून, चूल पेटल्यावर.

"मंग याहीन काय करी?" शेवंताबाई म्हणाली. "पिंपळनेरहून फुकी का चुल्हा?"

सगळ्या बाया हसल्या. आणि मग शेवंताबाईला चेव आला. तिने पदर कानामागे खोचला, नाक चिमटीत धरलं आणि विहीणबाईंचा आवाज काढला, "नूऽऽतन! भाजीमा लसूननी पाकयी दिसी राहिनी! मी कुटाले सांगं व्हतं, दिसाले नही!" मग चष्मा कपाळावर चढवून पातेल्यात डोकं घालून वास घेतला, आणि ठसका लागल्यागत अशी काही मान उडवली की कमलबाईच्या हातातला बिबडा खाटेऐवजी मांजरीवर पडला. मांजर पळालं, बाया लोळायच्या बाकी राहिल्या. नूतन दारात उभी होती. तीही हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसत होती पोरगी.

"कोनले सांगू नको, कमल," जाताना शेवंताबाई म्हणाली.

"हाई सांगानं लागस का माले?"

आखाजीच्या आदल्या दिवशी झोके बांधले गेले. पोरी गाणी म्हणत होत्या. कमलबाई आंबे पिळत बसली होती. शेवंताबाई अंगणात आली. हातात नूतनचा फोन. चेहरा असा, की कमलबाईला वाटलं कुणी गेलं.

"कमल, हाई तुनी खाट शे ना?"

फोनवर खाट होती, घमेलं होतं, मांजर होतं. आणि शेवंताबाईचा आवाज होता. खणखणीत. "नूऽऽतन! भाजीमा लसूननी पाकयी…" त्याआधी सुरत, खोली, आमरस, दोंडाईच्याची गाडी, योगेंद्रचं नाव, पिंपळनेरचं नाव, सगळं जसंच्या तसं. खाली हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांच्या रांगा.

"गानं कथा शे?" कमलबाईच्या तोंडून एवढंच निघालं.

"तेच ईचाराले उनू मी. तूच सांगं ना माले, गानं लागस म्हनीसन?"

विहीणबाईंना कुणा भाच्याने तो व्हिडिओ दाखवला होता. त्यांनी पोराला फोन लावला. आणि योगेंद्र, ज्याने खोली बघितली होती, तो आईपुढे चळचळा कापला आणि म्हणाला, मला यातलं काहीच माहीत नाही, हे सगळं तिच्या आईनं शिजवलंय. आखाजीला तो येणार नव्हता.

"चुकीसन व्हयनं व्हई," कमलबाई म्हणाली. "भूषणले माहीत नसी. थांब, मी ईचारस."

तिला खरंच तसं वाटत होतं. पोरगा घाईत असेल, गाणं लावायचं राहून गेलं असेल. हात न धुताच ती आत गेली. कोपरापर्यंत आमरस. भूषण आणि दिपमाला फोनवर वाकून बसले होते, दोघांचे चेहरे उजळलेले.

"आई, बघ बघ! एवढा कुठलाच चालला नव्हता!"

"त्यामा गानं काबर नही लावं?"

"अगं, आवाज होता म्हणून तर चालला. लोक म्हणतात, अस्सल आहे. शेवंता मावशीची नक्कल कसली भारी आहे."

"तू ऐकं व्हतं? टाकाना पहिले?"

"ऐकलं म्हणून तर ठेवलं ना."

कमलबाई खाली बसली. दिपमाला जरा चपापली. म्हणाली, "मी यांना म्हटलं होतं आई, नाव तरी कापा." भूषणने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग म्हणाला, "बरं, काढून टाकतो. हे बघ, काढला. पण आता लोकांनी आपापल्या फोनमध्ये घेतलाय, त्याला मी काय करू?" थोडं थांबून त्याला काहीतरी सुचलं. डोळे पुन्हा उजळले. "असं करू का आई, तू आणि मावशी मिळून माफीचा व्हिडिओ करू. तोपण चालेल."

आता कमलबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज ओट्यापर्यंत गेला.

"भूषण, तुनं मी काय काय झाकं! धुळाले शिकाले व्हता तवय…"

भूषणचा चेहरा पांढराफटक पडला. धुळ्याला कॉलेजात असताना तो एक अख्खं वर्ष नापास होऊन नुसता फिरला होता. ते आईला माहीत होतं, आणि बापाला आजतागायत नव्हतं. ओट्यावरून उखर्डू आबांनी मान आत घातली.

"काय झाकं वं? धुळाले काय व्हयनं?"

पोरगा आईकडे बघत होता. आई पोराकडे. कमलबाईच्या हातावरून रस टपकत होता.

"काही नही," ती म्हणाली. "जेवाले बठा तुम्ही."

आखाजी झाली. शेवंताबाईच्या घरी पुरण शिजलं होतं, ते गुरांना गेलं. दोन घरांमध्ये हात पोचेल एवढी बोळ, पण हाक गेली नाही. कमलबाई एकदा तिच्या उंबऱ्यापर्यंत गेली. शेवंताबाई धान्य पाखडत होती. सूप थांबवलं नाही. सुपाकडे बघतच म्हणाली, "तुना शब्दवर बोलनू मी, कमल. फोनवर नही."

 कमलबाई परत आली.

काही दिवसांनी पिंपळनेरहून नूतनचा दीर आला. निरोप असा, की यायचं तर आत्ता, आणि सुरतचं नाव काढायचं नाही. नूतन निघाली. आमच्याकडे लेक सासरी जायला निघाली की गल्लीतल्या घराघरात जाते, कुंकू लावून घेते, पाया पडते, मग गाडीत बसते. लग्नानंतर नूतन दरवेळी सगळ्यात आधी कमलबाईकडे यायची. "मावशी, निंघस मी," म्हणायची, आणि कमलबाई तिच्या ओटीत गूळ-खोबरं घालायची.

कमलबाई कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी राहिली. खोबरं किसून नाही, अख्खी वाटी ठेवली होती. नूतन समोरच्या घरी गेली. तिथून शेजारच्या घरी. मग पलीकडच्या इंदिराबाईंकडे. कमलबाईने पदर सारखा केला. नूतन बाहेर आली, कमलबाईच्या ओट्यासमोरून गेली, मान खाली, पाऊल न थांबवता. गाडीत बसली. डिंपल आजीच्या बाजूला उभी होती. म्हणाली, "आजी, नूतनआत्या चुकनी. आपलं घर राहिनं." कमलबाईने करंड्याचं झाकण लावलं.

ती वाटी तशीच देव्हाऱ्यात राहिली. शेवंताबाईचे बिबडे झाले, कमलबाईला बोलावणं आलं नाही. पुढे इंदिराबाईंकडे होते, तिथे रीत म्हणून बोलावलं. कमलबाई गेली, घाट थापला. बाया ऊन किती आणि यंदा तीळ कसे, एवढंच बोलल्या. कमलबाईने घरून निघताना फोन नव्हता आणला. तरी बोलल्या नाहीत.

त्यानंतर एका दुपारी भूषणने नवा बेत काढला. बिबडे तळायचे. कढई चुलीवर, तेल तापलेलं, दिपमालाने फोन उभा केलेला. कमलबाई न बोलता बसली. बिबडा तेलात सोडला, तो कढईभर फुलला. ती झाऱ्याने दाबत राहिली.

"आई, बोल ना काहीतरी," भूषण म्हणाला. "लोक विचारतात, कमलआई बोलत का नाहीत? तुझ्या गप्पाच हव्यात त्यांना."

कमलबाईने बिबडा निथळला, परातीत ठेवला. दुसरा तेलात सोडला.

"आई?"

"गानं लाव," ती म्हणाली.