अर्धा विरळलेला डोंगर

कप हातात आला की आधी त्याची कड बघायचे, मग चहा.

एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं की ते त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्यायचे.

दुसऱ्यानं धार लावलेला कोयता हातात धरायचे नाहीत.

बोलताना समोरच्याच्या चपला बघायचे. कुठली माती लागलीय, त्यावरून माणूस कुठून आला ते ठरवायचे. त्यानं काय सांगितलं याला किंमत नव्हती.

"तात्या, बरं हाय का?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "का? काय ऐकलंस?"

हे सयाजी गावडे. आमच्या गावचे सयाजीतात्या. ते आता गावात नाहीत म्हणून 'बघायचे', 'म्हणायचे' असं लिहावं लागतंय. आहेत धडधाकट. कबनूरला लेकीकडं असतात.

आमचं गाव चंदगड तालुक्यात, पावसाच्या माऱ्यात. गावामागचा डोंगर कुणा एकाचा नाही, गावकीचा. मी शाळेत असताना गावानं त्यावरची उभी झाडं एका ठेकेदाराला दिली. ऐन, किंजळ, जांभूळ, सगळं गेलं. देवीच्या देवळावर स्लॅब आला आणि डोंगर बोडका झाला. मग गावाला चुटपुट लागली. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, असं ठरलं.

बुंधे मेले नव्हते. त्यांना फुटवे आले. एकेका बुंध्याला केरसुणीसारखा झुबका. लांबून डोंगर हिरवागार दिसायचा. आत शिरलं तर मनगटाएवढंही खोड नाही. सगळे फुटवे एकमेकांना रेटत उभे. मधल्या जागेत रानमोडी माजलेली, बियांतून आलेली रोपं तिच्याखाली गुदमरलेली.

तात्या गावकीच्या बैठकीत म्हणाले, "विरळणी केली न्हाय तर हे असंच झुडूप ऱ्हाणार. झाड व्हणार न्हाय."

गावानं परवानगी दिली. अट एकच, आणि ती जुनीच. गावकीच्या रानातली वस्तू आधी देवीपुढं ठेवायची. मधाचं पोळं असो, नाहीतर वाळकी फांदी. सगळ्यांनी बघितली की वाटणी. कापलेले फुटवेही देवळापुढं आणायचे, मग भाताची रोपं टाकायच्या तरव्याची जागा भाजायला आणि परड्याच्या कुंपणाला घरोघर द्यायचे.

मी तेव्हा कोल्हापुरात मराठी घेऊन एम. ए. झालो होतो आणि गावी नोकरीची वाट बघत होतो. तात्या मला मास्तर म्हणायचे. शाळा कुठली, असं मी विचारलं की म्हणायचे, "ती घावली की व्हशील की."

थंडी पडली तसं त्यांनी काम धरलं. मी रानमोडी उपटायला जायचो. ते एकेका बुंध्याभोवती फिरायचे, उकिडवे बसायचे, फुटव्याच्या बुडाला बोट लावून बघायचे.

"हा सरळ आहे की तात्या. हा ठेवा."

"सरळ हाय, पर बसलाय कुठं बघ. बुंध्याच्या टकलावर. वाऱ्यानं बुडातनं निसटतोय असला. मातीला चिकटून आलेला ठेवायचा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे भाऊबंद. एका ताटात जेवत्यात आन् एकमेकांच्या मुळावर उठत्यात."

एका बुंध्यावर एक ठेवायचे, फार तर दोन. बाकीचे तिरप्या घावानं काढायचे, म्हणजे कापावर पाणी थांबत नाही. मागं वळून बघितलं की उतारावर ऊन जमिनीपर्यंत आलेलं दिसायचं.

थोड्याच दिवसांत ढीग देवळाच्या कट्ट्याला टेकला. बाया थांबून बघायला लागल्या. "आगं बया, डोंगरच खाली आणला की ह्यानं!"

गावकीचे पुढारी गणपतराव ढिगाला काठी लावून म्हणाले, "सयाजी, रान वाढवतोयस का पाडतोयस?"

"वाढवतोय."

"केस कापलं म्हणून माणूस उंच व्हतंय व्हय रं?"

कट्ट्यावरचे सगळे हसले. तात्या हसले नाहीत. कोण किती हसतंय ते बघत उभे राहिले.

त्यानंतर ढीग वाढायचा थांबला. डोंगर मात्र मोकळा होत चालला होता. मी विचारलं, "तात्या, बाकीचं लाकूड कुठं जातंय?"

"कोण इचारतंय?"

"मीच."

"तुला कुणी इचारायला लावलं?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारनंतर वर यायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलं. त्याच सुमारास पेठ वडगावकडचा एक वखारवाला टेम्पो घेऊन आमच्या फाट्यावर दिसला. चहा प्यायला आणि गेला. एवढंच. पण गावाला तेवढं पुरलं. खरं सांगायचं तर मलाही.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको चिमणाबाई तांदूळ निवडत होती.

"काकू, तात्या दुपारी काय करतात वर?"

"मला इचारतोस? लगीन होऊन जलम गेला. कपाटाची किल्ली कुठं ठेवतोय ते अजून ठावं न्हाय मला."

शेवटी गवताला गेलेल्या बायांना ती लाकडं सापडली. डोंगराच्या पलीकडच्या घळीत, रस्त्यापासून जवळच. सारख्या लांबीचे फुटवे, जुड्या बांधलेले, वर पाला टाकून झाकलेले. टेम्पो भरायचाच काय तो बाकी होता, असं दिसत होतं.

सकाळीच तात्यांना डोंगरावरून बोलावून आणलं. देवळापुढं सगळा गाव. गणपतरावांनी विचारलं, "घळीतली लाकडं तू ठेवलीस?"

"व्हय."

"का?"

"ढीग बघून तुमी काम बंद पाडलं असतं. अर्ध्यात थांबलं तर फुकट. म्हणून न्हाय दावलं."

"इकायला न्हाय?"

"न्हाय. कुजायला."

"कुजायला जुड्या बांधून ठेवत्यात व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"सुट्टं टाकलं असतं तर घसरून रस्त्यावर आलं असतं. तुमी बघितलं असतं."

गणपतराव म्हणाले, "आरं, चांगलं काम कोण लपवतंय?"

तात्या गणपतरावांच्या चपला बघत होते. आयुष्यात त्यांनी काहीच उघड्यावर ठेवलं नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं, विश्वास ठेवणं वेगळं.

कौल लावायचं ठरलं. आमच्याकडं भांडण सुटलं नाही की देवीला विचारतात. गुरव देवीच्या दगडी अंगावर दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतो. उजवी आधी पडली तर माणूस निर्दोष. डावी पडली तर चोर. चोर ठरला की गावकीच्या रानात त्यानं पुन्हा पाय ठेवायचा नाही.

आण्णा गुरवानं हात धुतले. पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझं लेकरू खरं असंल तर उजवी दे, खोटं असंल तर डावी दे."

उजवी पडली. लगेच पडली.

लोकांनी श्वास सोडला. बाया हात जोडायला लागल्या. गणपतराव खरंच मोकळे झाले. त्यांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. "देवीनं दिलं बाबा. लाग उद्यापासनं कामाला. लाकडं तेवढी हितं आणून टाक."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटलं सगळं.

तात्या जागचे हलले नाहीत. गर्दी पांगेपर्यंत थांबले. मग गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाकले, खाली पडलेली उजवी पाकळी उचलली आणि दोन बोटांत चोळली.

"आण्णा, ही कोरडी हाय."

"पडल्यावर वाळली असंल."

"डावी अजून चिकटलीया. पाणी गळतंय तिचं."

आण्णा गुरव ताम्हण घासत म्हणाला, "तात्या, मिळालंय ते घ्या की पदरात. देवीनं दिलंय."

"देवीनं दिलंय का तू?"

"माझ्या हातावर संशय घेता? देवळात हुबं राहून?" आण्णाचा आवाज चढला. पण त्यानं वर बघितलं नाही.

घरी जाताना मी तात्यांच्या मागं मागं होतो. "तात्या, समजा आण्णानं केलंही असेल. तुमच्या भल्यासाठीच ना?"

ते थांबले. "मास्तर, एवढं शिकलास. मी खरा हाय असं त्याला वाटलं असतं तर त्यानं पाकळी वली लावली असती. न्हाय का?"

ज्या माणसानं त्यांना वाचवायला हात पुढं केला, त्याच्याच हातात त्यांना निकाल दिसला होता. निर्दोष सुटलेला माणूस असा खचलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात ते कबनूरला गेले. मुलगी संयोगिता आणि जावई मागाच्या कारखान्यात आहेत. तात्या तिथंच फाटकावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी बघतात. "मालक लई खूश हाय," चिमणाबाई गावी आली की म्हणते. "असला माणूस त्याला कुठं मिळायचा?" गणपतराव दोनदा जाऊन बोलावून आले. तात्यांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "तुमाला कुणी पाठवलं?"

गावात दुसरं कुणी कोयता घेऊन वर जायला तयार नाही. जो जाईल त्याची लाकडं उद्या मोजली जातील. मी एकदा गेलो. पहिल्या घावाचा आवाज झाला तशी खालच्या वाटेवरून हाक आली, "कोण हाय रं वर?" गणपतरावांचा आवाज होता. मी नाव सांगितलं. मी खाली आलो तेव्हा वाटेवर चौघे उभे होते. चौघांनीही माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

डोंगराची अलीकडची बाजू विरळली आहे. तिथले ऐन आता माझ्या मांडीएवढे जाड होत आलेत. पलीकडं तोच झुबका, तीच रानमोडी. दोन्हीच्या सीमेवर एक किंजळीचा बुंधा आहे. त्या सकाळी बोलावणं आलं तेव्हा तात्या त्याच्यापाशी होते. चार फुटवे काढलेत. पाचव्यावर घाव घातलाय, तो अर्ध्यापर्यंतच गेलाय. बाकीचे सगळे तसेच उभे आहेत. त्यातला ठेवायचा कुठला, ते तात्यांनी ठरवलं असणार.