आक्काच्या कुल्ल्यातली सुई

माझी थोरली बहीण निपाणीत तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला बसे. सकाळी घातलेली मांडी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोडायची नाही, असा तिथला कायदा. गोऱ्या सरकारचा नव्हे, मुकादमाचा स्वतःचा. त्या कायद्यानं आक्काच्या उजव्या कुल्ल्यात कळ भरली आणि पोटरीपर्यंत उतरली. बसणं जमलं नाही तर काम जाणार, हे ठरलेलं.

घरात डाग द्यायचं चाललं होतं. तापलेली सळई, थेट कुल्ल्यावर. वडील म्हणाले, "वण असला की मुकादम तरी दुखणं मानतो." बाईचं दुखणं खरं ठरायला तिचं कातडं जळावं लागतं, हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी तिला सर्व्हिस मोटारीनं बेळगावला नेलं.

डॉक्टरांनी चाचपून पाहिलं. एका जागी बोट दाबताच आक्का कळवळली. "इथला स्नायू आखडलाय, खालची शीर त्यात चेपतेय," ते म्हणाले. "बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन इथंच देतो."

आक्काला मान वर करवेना. ती मलाच म्हणाली, "का रं, दंडात न्हाय का टोचता येत?"

"कळ दंडात आहे का?"

"लई शहाणा. तोंड तिकडं कर."

मी भिंतीकडं वळलो. थोड्या वेळानं ती दारापर्यंत चालत गेली आणि परत आली, पाय न ओढता.

"पुन्हा दिवसभर मांडी घातलीत तर पुन्हा आखडेल," डॉक्टरांनी बजावलं. "मधेमधे उठायचं, पाय ताणायचा."

ती कामावर गेली त्या दिवशी मी वखारीच्या दारात चळवळीची पत्रकं वाटत होतो. जुलूम, पिळवणूक, सगळं छापलं होतं त्यांत. आत आक्का उठून उभी राहिली.

"ए बाई, बस खाली," मुकादम म्हणाला.

"डॉक्टरनं उठाय सांगितलंय."

"डाग कुठाय?"

"सुई टोचलीया. वण न्हाय. असता तरी तुमाला दाखवला नसता."

बायका हसल्या. मुकादमानं तिला बाहेरची वाट दाखवली. तशी शेजारची बाई उठली, मग तिच्या पलीकडची. बघता बघता सगळी ओळ कमरेवर हात देऊन उभी. पानांचे ढीग तसेच पडलेले. मुकादमानं ढिगांकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं.

"ताणा काय ताणायचं ते. आणि लवकर बसा."

आक्कानं लवकर केलं नाही. भिंतीला धरून पाय पुरता ताणला, सावकाश, आणि मगच बसली. त्या दिवशी पत्रक घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगितलं, ती आतली माझी बहीण.