नंदाची बिनसाखरेची कॉफी

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "बरं" म्हणून फोन ठेवला आणि सूप रिकामं करूनच उठले. आज पाच आठवडे होत आले, पण अजून नीट रडू आलेलं नाही. रविवारी अकरा वाजले की मात्र साडी बदलून तयार होते...

आम्ही दोघी बिरसा गावच्या शाळेत मास्तरणी होतो. निवृत्तीनंतर दोघी बालाघाटला आलो आणि बाजारातल्या गल्लीत चार टेबलांचं एक कॅफे नंदाने शोधून काढलं. दर रविवारी तिथे अकराला टोस्ट सँडविच आणि कॉफी. तिची सून त्याला ब्रंच म्हणायची, नंदा "अर्धं जेवण" म्हणायची आणि घरी जाऊन उरलेलं अर्धंही चापून खायची. अशी खादाड बाई मी दुसरी पाहिली नाही.

तीन वर्षांपूर्वी तिची शुगर वाढली. किडनीवर परिणाम व्हायला लागलाय, गोड पूर्ण बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. कॅफेवाला तिच्या मुलाचा, विनयचा, वर्गमित्र. विनयने त्याला लगेच ताकीद दिली. मग नंदा स्वतःसाठी फिकी मागवायची आणि मी गोड. "बिना शक्कर किसकी, आंटी?" असं विचारत तो कप ठेवायचा, ती ऐटीत हात वर करायची. त्याची पाठ वळली की कप बदलायची.

"नंदा, बरं नाही हे," मी म्हणायचे.

"तू काहून भेऊन राह्यली? आठ दिवसांत एक कप. घरी तं मले चहाबी फिकाच भेटते."

मी भांडले, दोन रविवार गेलेच नाही. मग तिनेच फोन केला, "ये वो, करमत नाही." मी गेले. तिच्याशिवाय मलाही करमत नव्हतं, हे खरं कारण. त्यानंतर कडू कॉफी निमूटपणे पीत राहिले.

शेवटी किडनीनेच तिला नेलं.

तेरवीला फोटोपुढे तिच्या आवडीचं ताट मांडलं होतं. शेजारी कॉफीचा कप. सून कोणाला तरी सांगत होती, "आईनं तीन वर्सं साखरेले हात नाही लावला. म्हणून आजबी फिकीच ठेवली."

मी साखरेचा डबा मागून घेतला. कशाला, ते विनयने विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, कपांच्या अदलाबदलीसकट. सुनेने माझ्याकडे पाहिलं ते मला सहन झालं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले ते तुमाले मालूम होतं, काकू?" विनयने विचारलं.

"हौ. मालूम होतं."

तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता घराबाहेर काढेल. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

"किती चमचे?"

"दोन."

त्याने डबा माझ्या हातातून घेतला, दोन चमचे घातले आणि खाली बसून कॉफी ढवळायला लागला. साखर केव्हाच विरघळली होती. तरी तो ढवळतच राहिला.