दातात धरायचा दोरा

दत्तारामकाका सुई हातात घेण्याआधी दोऱ्याचा तुकडा पुढे करायचे. "धर दातात." कपडा अंगावर असतानाच शिवायचा असेल, तर घालणाऱ्याने दातात दोरा धरायचा, अशी त्यांची रीत. अंगावर मुकाट शिवून घेतं ते प्रेत, असं म्हणायचे. नट कितीही मोठा असो, दोऱ्याशिवाय टाका पडायचा नाही.

लालबागला माझं ड्रेपरीचं दुकान आहे. नाटक-सिनेमांना कपडे भाड्याने देतो. डोक्यावर गाठोडी वाहून दुकान उभं केलं, त्यामुळे भावात कुणाला सोडत नाही. काका सत्तरी उलटल्यावरही करी रोडहून चालत यायचे आणि फाटकं-उसवलेलं शिवत बसायचे. मी गिऱ्हाइकावर ओरडलो की मान वर न करता म्हणायचे, "शेठ, आवाज उसवला. टाका घालू काय?"

तरुणपणी ते एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळत. तिथला मुख्य नट ठाकूरद्वारच्या आपल्या खोलीत मेलेला सापडला. कशाने मेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांनी लिहिलं, खोलीत तो एकटाच होता.

"एकटा नव्हता रे," काका म्हणायचे. "माझा अंगरखा होता ना अंगावर."

तो अंगरखा पाठीवर उघडा होता. तलवारबाजीत हूक तुटायचे, म्हणून काका तो नटाला चढवून पाठ शिवून टाकत आणि प्रयोगानंतर टाके कात्रीने कापत. त्या दुपारी नट मालकाशी भांडला आणि अंगरख्यासकट टॅक्सीत बसून घरी गेला. सकाळी प्रेत सापडलं तेव्हा अंगात बनियन होतं आणि अंगरखा खुंटीला. पाठीचे टाके एकेक करून नीट कापलेले.

"स्वतःच्या पाठीवर कात्री कोण चालवील?" काकांनी हवालदाराला विचारलं होतं.

"शिंप्या, तू बटणं लाव," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांनी त्याच मृत्यूवर जुन्या काळातला गुप्तहेरपट निघाला आणि दिग्दर्शक कपड्यांसाठी माझ्याकडे आला. मी भाव सांगणार, तोच काकांनी मला बाही धरून मागे नेलं.

"अर्ध्या भाड्यात दे. पण सिनेमातल्या गुप्तहेराला ते टाके दिसले पाहिजेत. एवढं कबूल करून घे."

"काका, डोकं फिरलंय काय?"

त्यांनी माझी बाही सोडली. मग म्हणाले, "त्या दुपारी घाई होती. मी त्याच्या दातात दोरा द्यायला विसरलो."

हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. खोलीत दुसरं कुणीतरी होतं, असं एकदा कुणी चारचौघांत म्हणावं. म्हणजे तो आपल्या विसरण्याने मेला नाही. म्हाताऱ्याला एवढंच हवं होतं.

मी कबूल झालो. दिग्दर्शकाने हातावर हात मारून शब्द दिला. काकांनी नवा अंगरखा शिवला, शूटिंगला नटाच्या दातात आठवणीने दोरा दिला. कापलेल्या टाक्यांवरून बोट फिरवून गुप्तहेर म्हणाला, "इथे दुसरं कुणीतरी होतं." परतताना काकांनी मला चहा पाजला. तोही पहिल्यांदाच.

सिनेमा लागला तेव्हा दादरला दुपारच्या खेळाला त्यांना घेऊन गेलो. पडद्यावर नट खोलीत आला, दार लावलं आणि सदरा काढावा तसा अंगरखा डोक्यावरून काढून खुंटीला टांगला. एकट्यानेच. हे कधी चित्रित केलं, आम्हाला पत्ता नाही. टाक्यांचा प्रसंग कापून टाकला होता. मी शिव्या देत उठलो.

"बस रे. लोक बघतायत."

मी बसलो. थोड्या वेळाने ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "म्हणजे दोराच."

दिग्दर्शकाला फोन केला तर म्हणाला, टाक्यांमुळे गोष्ट रेंगाळत होती. पावतीशिवाय मी साधी टोपी बाहेर देत नाही आणि हीच एक गोष्ट कागदावर घेतली नाही. त्याला शिव्या घालतो, कारण स्वतःला किती घालणार?

त्यानंतरही काका दुकानात येत, पण कुणाच्या अंगावरचं शिवायला मात्र नाही म्हणत. गेल्या वर्षी ते गेले.

सिनेमासाठी त्यांनी शिवलेला तो अंगरखा आता दुकानात दर्शनी भागात टांगलाय. गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, ह्याची पाठ उघडी का? भाडं किती?"

भाड्याचं मी नंतर बोलतो. आधी सांगतो, "हा एकट्याला काढता येत नाही."