आखाजीचा मुऱ्हाळी

मी खोट काढण्यात पटाईत. जन्मभर शाळेत पोरांच्या चुका शोधल्या, आता सवय जाता जात नाही. शहाद्याबाहेरच्या ज्या वृद्धाश्रमात आई राहते, तिथेही सुरुवातीला मी चादरींच्या कडा उलटून पाहायची, वरणाचं मीठ चाखून बघायची. मला येताना पाहून तिथल्या कामाच्या बायका आपसात म्हणायच्या, ‘तपासणी उनी वं!’ चादरी स्वच्छ निघायच्या, मीठ बेताचं निघायचं, आणि मी उगीचच हिरमुसायची.

आईची आठवण मागे मागे सरकत पार ब्राह्मणपुरीला, तिच्या माहेरी जाऊन बसली आहे. तिच्या लेखी ती नवी सासुरवाशीण. मी तिला ओळखू येत नाही. यंदा आखाजी जवळ आली आणि तिने जेवणच सोडलं. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. माहेरचा भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला येतो, मग झोके, गाणी, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी.

“मन्हा भाऊ लेवाले येत नही तवलोंग घास नही,” आई म्हणाली. भाऊ न्यायला येईपर्यंत घास नाही, म्हणून तोंड मिटून बसली. मामांना जाऊन तर किती वर्षं झाली! पेज, दूध, शिरा, सगळं ओठांपाशी जाऊन परत यायचं. आखाजीच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्याही पोटात काही गेलं नाही तर नंदुरबारला दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. तिथे गेलेली आई परत येणार नाही, हे ते बोलले नाहीत, पण मला कळलं.

आईला रोज न्हाऊमाखू घालणाऱ्या एक मावशी आहेत, त्या मात्र शांत होत्या. “भाऊच पाह्यजे ना ताई? आनसूत ना!”

भाऊ म्हणून निवड झाली कपडे धुणाऱ्या चाचांची. मुसलमान मोहल्ल्यातला माणूस, पण अहिराणी माझ्याहून खणखणीत. आखाजीच्या सकाळी त्यांनी चादरी तारेवर टाकल्या, हात पुसले, वॉचमनची पांढरी गांधी टोपी चढवली आणि खाटेपाशी येऊन म्हणाले, “चाल बहिन, लेवाले उनू.”

आईचा चेहरा उजळला. “कितला येळ लाया रे!” पण ती उठेना. आवाज खाली आणून तिने विचारलं, “सासूले इचारं का?”

घ्या! सासूच्या परवानगीवाचून सून उंबरा कसा ओलांडेल? हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आचारीणबाई आल्या. त्यांच्या जिभेला सगळा आश्रम टरकून असतो. हात पिठाने भरलेले, डोक्यावर पदर, कपाळाला आठ्या.

“जाय बाई. पन चार दिनमा परत येजो. आठे काम कोन करी?”

सासू अशी वठली की मीही दोन पावलं मागे सरले. आई मात्र निर्धास्त झाली. वाकून पाया पडायला गेली, तेव्हा त्याच आचारीणबाईंनी तिला पोटाशी धरून चाकाच्या खुर्चीत बसवलं.

मग चाचांनी आईला ब्राह्मणपुरीला नेलं, म्हणजे आश्रमाच्या इमारतीभोवती. उन्हात खुर्ची ढकलत ते सांगत होते, “ही नदी उनी. आते आपला मया.” नदीला, मळ्याला आई मान डोलावत होती. मागच्या दाराशी मावशी भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो ओवाळून टाकला, आईच्या पायांवर पाणी घातलं. निंबाला झोका बांधलेला होता. नंतर आचारीणबाईंकडून मला कळलं की मावशींचा सख्खा भाऊ त्यांना न्यायला आला होता, आणि त्याला चहा पाजून त्यांनी तसाच परत पाठवला होता. असली माणसं पगारावर मिळत नाहीत. ती मिळाली तर आपलं नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. मी गप्प बसले, हे माझ्या ओळखीच्यांना खरं वाटणार नाही.

निंबाच्या सावलीत ताट आलं. चाचांनी पुरणपोळीचा घास आमरसात बुडवून पुढे केला. आईने तो नीट पाहिला, वास घेतला, आणि मान फिरवली. दाराकडे, झोक्याकडे, आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे तिची नजर फिरत राहिली.

“मन्ही माय कोठे शे?”

भाऊ झाला, सासू झाली, झोकासुद्धा बांधून झाला. अख्खं माहेर उभं केलं आणि त्यात तिची आईच ठेवायची राहून गेली. चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आईचा हात ताट दूर सारायला निघाला.

मावशींनी ते ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं. “जा ना ताई. आते तुम्हीच तिनी माय.”

मी डोक्यावर पदर घेतला, तिच्यासमोर बसले आणि कसंबसं म्हणाले, “उनी का वं बेटा?”

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझा पदर मुठीत धरला.

“माय,” ती मला म्हणाली, “माले भलती भूक लागनी वं.” आणि तिने तोंड उघडलं.